मुकी गाठ

सौ. घरधनिणीस, दूरदेशीच्या रंगाऱ्याचा मनापासून आशीर्वाद.

मी बरा आहे. खोलीत सकाळचं ऊन येतं, जेवणही वेळेवर होतं. सूनबाईचा खोकला गेला का?

हे फोनवर सांगायला जीभ रेटेना, म्हणून लिहितोय. मागच्या महिन्यात कामावर बाजूलाच ठेवलेला रंगाचा डबा मी लाथाडला. मुकादम म्हणाला, "काका, डोळ्यांना झापडं बांधलीत की काय?" चष्मा बदलून काही फरक पडेना. शेवटी डॉक्टरीणबाईंनी डोक्याचा फोटो काढायला लावला. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते म्हणे, तिथे गाठ निघाली. कर्करोग नाही, घाबरू नकोस.

ही गाठ स्वतः कुठलं हार्मोन बनवत नाही, म्हणून वर्षानुवर्षं पत्ताच लागत नाही. मुक्या भाडेकरूसारखी नुसती जागा अडवते. डोळ्यांच्या नसा दबल्या, म्हणून दोन्ही कडांचं दिसेना. ग्रंथीही दबली, म्हणून थकवा आला, थंडी वाजू लागली. बाई म्हणाल्या, नवराबायकोतली ओढसुद्धा त्यानेच आटते.

तेव्हा मागची सुट्टी आठवली. मी रोज भिंतीकडे तोंड करून झोपायचो. तू म्हणालीस, "तिकडे कुणी भेटली वाटतं." मी पांघरूण डोक्यावर ओढलं, कारण मलाच काही कळत नव्हतं. अगं, कुणी नाही. इथे चहालासुद्धा सोबत नाही.

आता नाकातून ऑपरेशन करणार आहेत. मुलाला फोनवर एवढंच म्हटलं होतं, छोटं ऑपरेशन आहे, कुणी यायची गरज नाही. ते उगीच म्हटलं. तू ये.

वाट बघणारा,
तुझा म्हातारा