लेथवरची जागा

१२ मार्च १९४६

ती. सौ. ताईस, शि. सा. न. वि. वि.

लढाईवरून माणसं परतली, तसं फोरमननं आम्हा बायकांना कामावरून काढलं. चार वर्षं चालवलेली माझी लेथ कुणाला दिली असेल? आमच्या होणाऱ्या स्वारीला! लग्न जूनमध्ये, म्हणून आई माझ्याकडून उशांचे अभ्रे भरून घेते आहे. सकाळी कारखान्याचा भोंगा झाला की पाय आपसूक दाराशी जातात. लग्न पुढे ढकलावं असं फार मनात येतं. रागावू नकोस.

तुझी भिंगरी

२० मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

रागावलेच आहे. माणूस धडधाकट परत आला आणि तू एका यंत्रासाठी फुरंगटून बसतेस? इथे हे परतल्यापासून दर आठवड्याला कपाट हलवतात. का म्हणून विचारलं, तर म्हणे बसल्या जागेवरून दार दिसलं पाहिजे. मी मुकाट्यानं दुसरी बाजू धरते. लग्न लांबवशील तर खबरदार.

तुझ्या काळजीत, ताई

६ मे

ती. ताईस सा. न.

धडधाकट कुठले! त्यांचे हात कापतात गं. महिनाभर लपवलं. केलेले सुटे भाग एकामागून एक नापास झाले, तेव्हा मला गाठून म्हणाले, शिकव. पहारेकऱ्याला गळ घालून दोन रविवार शिकवलं, पण हात ऐकेनात. शेवटी तेच फोरमनपुढे गेले आणि हिला परत घ्या म्हणाले. बायकोच्या जिवावर जगणार का, असं त्यानं चारचौघांत विचारलं. हे ‘हो’ म्हणून बाहेर पडले. मग चार दिवस फिरकले नाहीत. मला घरात बसवेना की बाहेर पडवेना. पाचव्या दिवशी मीच गेले आणि लग्न जूनमध्येच करायचं, असं सांगून आले.

तुझी भिंगरी

२ जुलै

ती. ताईस सा. न.

तू लग्नाला आलीस, फार आधार वाटला. माल वेळेवर हवा म्हणून फोरमननं मला परत लेथवर घेतलं. हे स्टोअरमध्ये पाने-पकडी देतात-घेतात. तिथल्या दारावर कुणी खडूनं हातात लाटणं घेतलेला पुरुष काढला होता. नाक जमलं नाही म्हणून यांनी तेवढं सुधारून ठेवलं.

काल चहा घेताना यांनी विचारलं, माझं काम नापास झाल्याचं ऐकून तुला बरं वाटलं होतं का. खोटं बोलणार होते, पण हो म्हटलं. यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, लढाईत शेजारचा सोबती पडला तेव्हा आधी आपल्यालाही बरं वाटलं होतं, आपण वाचलो म्हणून. हे आजवर त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

चहा निवून गेला, तरी आम्ही उठलो नाही.

तुझा लोभ आता दोघांत सारखा वाटून दे.

भिंगरी