बीफ तीन तास मंद आचेवर

क्लाइव्ह,

गॅसवर खारवलेलं बीफ ठेवलंय. व्हिनेगर, ब्राउन शुगर आणि लवंगा टोचलेला कांदा पाण्यात टाकलाय. मीठ घालू नकोस, त्याच्यात आधीच चिक्कार आहे. आच अजिबात वाढवू नकोस. मागच्या वेळी भूक लागली म्हणून तू गॅस मोठा केलास आणि बीफचं चामडं झालं. वर म्हणालास, खाटीकच लबाड! पाणी उकळायला नको, नुसतं थरथरत राहू दे. चारला गॅस बंद कर आणि बीफ त्याच पाण्यात असू दे.

मी स्टेशनवर चाललेय, लिआनला आणायला. हो, आपल्याच मुलीला. दोन वर्षांपूर्वी तू तिला म्हणालास, "या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस." तेव्हा मी गप्प बसले. आता नाही बसणार. काय खाशील विचारलं, तर म्हणाली, "बीफ. पण बाबांनी शिजवलेलं नको." आणि हसली.

गाडी लावताना खिडकीतून आपलं टेबल दिसतं. तीन ताटं मांडलेली दिसली, तर आम्ही आत येऊ.

नाहीतर एकच मांड, तुझ्यापुरतं.

नोरीन