देव्हाऱ्यातल्या बाहुल्याची व्यवस्था

मी, भुजंग ईश्वरप्पा धुळशेट्टे, वय एकोणपन्नास वर्षे, धंदा शिलाई मशीन दुरुस्ती, राहणार उदगीर, जिल्हा लातूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. गेले दोन महिने घरातल्या बाकीच्यांची नव्हती, म्हणूनच हा कागद करावा लागतो आहे. येत्या सोमवारी लातूरला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. माघारी आलो तर महादेवाची कृपा. नाही आलो तर पुढीलप्रमाणे करावे.

१. राहते घर, दोन खोल्या व पुढची पडवी, पत्नी उमादेवी हिच्या एकटीच्या नावे करावे. ती असेपर्यंत कोणी वाटणीचा विषय काढू नये. छप्पर पश्चिमेला गळते. ते मी दर वर्षी पुढच्या वर्षावर ढकलले, याबद्दल तिने मला पुरेसे बोलून घेतले आहे.

२. बँकेतली ठेव दवाखान्याचे बिल भागवून उरली, तर तीही उमादेवीची.

३. दुकानातली हत्यारे मुलगा शिवशंकर यास. त्याला स्क्रू कोणत्या बाजूला फिरवायचा हे कळते, पण कधी थांबायचे ते कळत नाही. पाचव्या कलमात ते दिसेलच.

४. गळ्यातले इष्टलिंग माझ्याबरोबर जाईल. माझी समाधी साधी असावी.

५. आता बाहुला. सगळे भांडण याचेच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

सन १९८६ साली, मी गावच्या शाळेत चौथीला असताना, माझा मित्र सलीम याच्या मामूंनी कुवेतहून दोन बाहुले आणले. एक सलीमला, एक मला. अमेरिकेच्या कुठल्याशा चित्रकथेतला तो सुपरहिरो. वीतभर उंच, हिरवा पोशाख, पाठीला पिवळी झूल, हातात गोल डोक्याचा दांडा. सलीमने आपला बाहुला उडतो का ते पाहायला विहिरीवर सोडला. तो उडाला नाही. माझा आठवडाभरात देव्हाऱ्यात गेला. आई जगदेवी हिने त्याला मारुती म्हणून शेंदूर लावला आणि पुढे दर शनिवारी लावत राहिली. त्याच्या खोक्यात तिने वाती ठेवल्या. मीही एकोणचाळीस वर्षे शनिवारी त्याच्यापुढे डोके टेकले. त्याच्याशी खेळलो एकदाही नाही.

भाद्रपदात शिवशंकरने मोबाईलवर त्याचा फोटो टाकला आणि पुण्याहून जुन्या खेळण्यांचा एक जाणकार गाडी करून आला. पांढरे हातमोजे घालून त्याने माझ्या देवाला उलटा धरला. बुटाच्या तळाचा शिक्का भिंगातून पाहिला, गुडघे वाकवून बघितले, झुलीची शिवण तपासली.

"काका, माल अस्सल आहे," तो म्हणाला. "सांधे घट्ट, झूल मूळची. खोकं आहे का?"

आईने वातींसकट खोके आणून दिले. एक बाजू उंदराने खाल्लेली. तो माणूस ओट्यावर बसला.

"खोकं धड असतं तर दीड लाख. नुसत्या बाहुल्याचे सत्तर हजार. या तेलकट थराखाली रंग शाबूत असणार, त्यानेच तो टिकलाय. पण तो थर आमचा माणूस काढेल. तुम्ही हात लावू नका."

मी त्याला सांगितले की देव विकायचा नसतो. शिवशंकरच्या कानात फक्त सत्तर हजार शिरले. 'आपणच साफ केला तर कमिशन वाचेल,' हा त्याचा हिशोब. दुसऱ्या दिवशी मी दुकानात असताना त्याने थिनर घेतले आणि तोंडापासून सुरुवात केली. शेंदूर निघाला, त्याच्याबरोबर एक डोळा, नाक आणि अर्धी मिशीही निघाली. नवा फोटो पाहून पुण्याचा निरोप आला: चारशे रुपये.

मुलगी शिवकांता नायगावहून आली आणि म्हणाली, "देवाचं तोंड पुसलंस, तुझं काय भलं व्हायचंय?" तो म्हणाला, "तुला वाटा हवा होता, ते सांग की." तेव्हापासून दोघे बोलत नाहीत. माझ्या तपासण्यांना तो जिन्याने वर येतो तेव्हा ती लिफ्टने खाली जाते. झडप माझी खराब आहे आणि दम यांना लागतो.

काल हे कलम लिहिण्याआधी मी आईला विचारले, "मारुती तुझ्याकडे ठेवू का?"

"कुठला मारुती?" ती म्हणाली. "मारुती बूट घालतोय का रं?"

"मग शेंदूर कशाला लावलीस?"

"तुज्या बापानं त्यो सायेबराव अडत्याच्या पोराला द्यायचं ठरिवलं हुतं. बाप त्याच्याकडं हमाल, न्हाई कसं म्हननार? तू चुलीपाशी बसून रडूलालास. म्हटलं, देवाला कोन हात लावतंय? शेंदूर फासला. सायेबराव सोता आला, हात जोडला, गेला."

"मला का नाही सांगितलंस?"

"आदी म्हटलं, पोरगं बापाजवळ बोलून जाईल. मग तू पाया पडूलालास. पडू दे, पाया पडून काय बिघडतंय?"

तिच्या लेखी विषय संपला. मी मात्र एकोणचाळीस वर्षांचे शनिवारचे उपास आठवत बसलो आणि मनातून चिडलोही. पहाटे पूजेला बसलो तेव्हा राग ओसरला होता. ते नमस्कार वाया गेले असे मला वाटत नाही. त्या शेंदराला कोणाचा हात लागला होता ते आता कळले, एवढेच.

तरी बाहुला शिवशंकरलाही नाही, शिवकांतालाही नाही. तो शिवकांताची मुलगी, माझी नात राजकन्या, वय चार वर्षे, हिला खेळायला द्यावा. देव्हाऱ्यात ठेवू नये, कपाटात ठेवू नये, पुन्हा कोणा जाणकाराला दाखवू नये. हात मोडला तर मोडू द्यावा. गेलेला डोळा मामाने स्वतः रंगाने काढून द्यावा आणि तो रंगवताना बाहुला शिवकांताने धरावा. तोवर दोघांनी एका खोलीत बसावे.

६. सलीम यास काही देत नाही. साक्षीदाराला काही देता येत नाही असे वकील म्हणतात. सलीम म्हणाला, "चलता यार, तू फक्त परत ये."

७. परत आलो, तर पाचव्या कलमात एवढा बदल समजावा: पहिल्या शनिवारी बाहुला माझ्याकडे राहील. मी आणि सलीम तो विहिरीपासून लांब, अंगणात उडवून बघू. त्यानंतर राजकन्येचा.

हा कागद साक्षीदारांसमोर वाचून सही केली. त्यांनीही माझ्यासमोर केली.

भुजंग ईश्वरप्पा धुळशेट्टे

साक्षीदार:
१. सलीम महेबूब अत्तार, टेलर, उदगीर
२. कावेरीबाई शंकरराव हुडगे, निवृत्त शिक्षिका, उदगीर

स्थळ: उदगीर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार