पडद्यावरची पिवळी ताई

३ फेब्रुवारी
ताई दिसली! ओरडलेच मी. प्रयोगशाळेतले सगळे धावत आले.

झालं असं — टीव्हीच्या पडद्यातल्या ठिपक्यांचं निळं रसायन किती टिकतं हे बघायला एकच चित्र महिनोन्‌महिने लावून ठेवतात. नियमाने काळ्यापांढऱ्या चौकटी लावायच्या. मी ताईचा फोटो लावला होता, निळ्या स्वेटरमधला. तेव्हा ती हॉस्पिटलात होती. सांगितलं तर खोकत खोकत हसली. "बघ हं, भूत होऊन मानगुटीवर बसेन!" पंधरवड्यात गेली. चाचणी चालूच राहिली. आज फोटो काढून पडदा पांढरा केला, तर जिथे निळं जास्त जळलं होतं तिथे ते थकलेलं. निळं कमी पडलं की पांढरं पिवळं दिसतं. पिवळा चेहरा, पिवळा स्वेटर. ताईच!

सर म्हणाले, "म्हणजे आपलं निळं नापास." ते दुसरं काय म्हणणार!

४ फेब्रुवारी
फोनमध्ये तिचे ढीगभर फोटो आहेत. पण ही खूण ती श्वास घेत होती तेव्हा पडायला लागली. कुणाला सांगू? वेड लागलंय म्हणतील.

२० मार्च
नवं निळं जमतंय. निळ्याच्या रेणूला दोन्ही बाजूंनी अणूंच्या जाडजूड फांद्या लावल्या — शेजारच्या रेणूंशी धक्काबुक्की नको, उजेड वाया जायला नको. विजेचीही बचत. सर म्हणाले, "तुलना सारखी हवी, फोटोही तोच लाव." लावला.

११ सप्टेंबर
नवा पडदा पांढरा केला. लख्ख. डाग नाही, सावली नाही. सर चक्क नाचले! मीही टाळ्या वाजवल्या, मग बाथरूममध्ये जाऊन ढसाढसा रडले. माझ्याच हातांनी तिला जागा उरू दिली नाही.

जुना पडदा भंगारात निघाला होता. मागून घेतला. "कशाला गं?" म्हणता म्हणता सरांनीच तो रिक्षापर्यंत उचलून दिला.

१२ सप्टेंबर
स्वयंपाकघरात लावलाय. चहा पिताना समोर ताई.

३० सप्टेंबर
आता दिवसभर चालूच असतो. भांडतेही मी तिच्याशी. भाचीला फोनवर म्हटलं, सुट्टीत ये, आई दाखवते. "खरंच, मावशी?" किती हळू विचारलं पोरीने! भावजींनी फोन घेतला. "तिला काहीतरी भलतं सांगू नकोस." मी कट केला. भलतं काय त्यात?

१८ ऑक्टोबर
अक्कल गहाण ठेवली होती का मी! पांढरा पडदा म्हणजे सगळेच ठिपके पेटलेले. आजूबाजूचं ताजं निळंही रोज झिजतंय. तेही थकलं की फरकच संपला. जेवढी बघते, तेवढी ती पुसली जाते. जन्मभर निळ्याचंच केलं, आणि एवढं सुचू नये?

वायर उपटली. भाची येईपर्यंत हात लावायचा नाही. तिच्यापुरती तरी ताई उरायला हवी. उरलीय. सकाळीच तर स्पष्ट दिसत होती.

९ नोव्हेंबर
भाची आली. चपलाही न काढता थेट स्वयंपाकघरात. पडदा लावला. ताई होती — कपाळावरची बट, स्वेटरची कॉलर, सगळं. "बघ!" म्हटलं.

ती खूप वेळ बघत राहिली. मग माझा हात धरला.

"मावशी, इथे काहीच नाहीये गं."