आठवा दिवा

बंगळूर, १२ जून १९६९

आज मी खोटं बोललो. टाकीतलं पाणी चढेल तसे पट्टीवरचे दहा दिवे एकेक करून लागायला हवे होते. आठवा लागेना. साहेबांनी विचारलं, तर मी पटकन म्हणालो, "शांताक्कांचं सोल्डरिंग कच्चं असेल." का म्हणालो? अक्का पंधरा वर्षं आमच्या प्रयोगशाळेत जोडणी करताहेत.

"सरी, बरं, बघते," एवढंच त्या म्हणाल्या.

दुपारी आठवा दिवा लागला. साहेबांनी कारण विचारलं. "माझा सोल्डरिंगचा टाका सुटला होता," अक्का म्हणाल्या.

मग मी जोडणीसाठी अक्कांना दिलेली माझी आकृती उघडली. आठव्या दिव्याची तार मीच चिपच्या चुकीच्या पायाला दाखवली होती. अक्कांनी ती रेघ पेन्सिलीनं दुरुस्त केली होती. साहेब समोरच उभे होते. मी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.