वादळाचा बावटा

मु. बंदर, कार्तिक १९५५

मायीच्या पायावर सटवाजीचं डोकं.

मी खुशाल हाय. बंदरावर वादळाचा बावटा चढवायचं माझं काम. खोली दगडाची हाय, उंचावर हाय. घोर करू नको.

परवा वादळाची तार आली, पन होड्या पहाटंच गेल्या होत्या. आता बावटा कुनाला दिसनार? कोळणी लय रडायल्या होत्या, तवा मीच बोललो, "आमच्याकडं कोंडलेलं कोकरू ओरडलं की मेंढी माळावरून परत येते."

तवापासून त्या तान्ही लेकरं घेऊन धक्क्यावर उभ्या हायत. आजची तार म्हनते, सांजंला वादळ इथंच धडकनार. मी पाया पडलो, पन एकबी हलंना. म्हनतात, "तूच सांगितलंस ना?"

औंदा कोकरं किती झाली? धाकट्या येडबाला म्हनावं, त्यांना येगळं कोंडू नको.

तुझाच,
सटवाजी