स्कॅनर आणि व्याही

रवि. ५ जाने.
गार्गीचा जर्सी सिटीहून फोन. होणाऱ्या व्याह्यांनी, सुधीररावांनी, नीलच्या लहानपणच्या फोटोंचा व्हिडिओ केलाय. साखरपुड्यात लावायला. वसूने दोनदा पाहिला. "काय सुरेख केलंय हो."
सुरेख? फोनने काढलेले फोटोंचे फोटो. कडा तिरक्या. नीलची आई आता नाही, तिचा एकच फोटो, त्यातही चेहऱ्यावर प्लास्टिकची चकाकी. नाक-डोळे गायब.
गा. म्हणाली, "काका म्हणतात तुझे पण पाठव, ते दोन्ही करतील."
गा.चे फोटो मी काढलेले. ते रेडमंडला बसून हा माणूस करणार.
सांगितलं, मी करतो. आपला फ्लॅटबेड स्कॅनर आहे, काचेवर फोटो ठेवायचा.
"बाबा, दॅट थिंग स्टिल वर्क्स?"

मंगळ. ७ जाने.
बेसमेंट. जुना कॉम्प्युटर पहिल्या झटक्यात सुरू. वसू भंगार म्हणते. आतला एकूण एक पार्ट मी बसवलेला, कुणी शिकवलं नव्हतं. स्कॅनर त्याच्या प्रिंटर पोर्टला, जाड केबलने. दोन्ही स्क्रू पिळून. नव्या लॅपटॉपला हे पोर्टच नाही.
प्रिव्ह्यू दाबलं. दिवा लागला. मग करर्र, करर्र. दिवा जागचा हलत नाही.
केबलवर संशय.

शुक्र. १० जाने.
केबल बदलली. पोर्टचं सेटिंग बदललं, सगळे पर्याय एकेक करून. ड्रायव्हर काढून परत टाकला. करर्र.
जेवताना कळलं, गा.चं वाय-फाय गेलं होतं. सुधीररावांनी फोनवरून सुरू करून दिलं. पूर्वी असला फोन मला यायचा. कॉलेजात होती तेव्हा हेअर ड्रायरसाठीसुद्धा.
"मला का नाही विचारलं तिने?"
वसू : "तुम्ही आधी अर्धा तास लेक्चर देता. ते नुसतं काय करायचं ते सांगतात."
कोबीची भाजी अर्धी पानात टाकली.
ते इंजिनिअर, मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीतून रिटायर. मी बी.कॉम., पॅकेजिंगच्या कारखान्यात मेंटेनन्स. ते कधी बोलून दाखवत नाहीत. दाखवलं असतं तर सोपं गेलं असतं.

मंगळ. १४ जाने. संक्रांत
व्याह्यांचा व्हिडिओ कॉल. वसू फोन घेऊन थेट बेसमेंटमध्ये. तिळगूळ वगैरे झालं. मागे करर्र चालूच, मला बंद करायला सुचलं नाही.
"प्रकाशराव, स्कॅनर का तो? खालचं लॉक उघडलंय ना?"
म्हटलं, ते मी पहिल्यांदाच बघितलं.
बघितलं नव्हतं.

बुध. १५ जाने.
कामावर जायच्या आधी खाली गेलो. स्कॅनर उलटा केला. लॉक लागलेलं. घर बदलून शॉमबर्गला आलो तेव्हा मीच लावलं होतं, आतला दिवा ट्रकमध्ये आदळू नये म्हणून. नाण्याने फिरवलं. दिवा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेला. आवाज नाही.
वसूने जिन्यातून विचारलं, काय झालं होतं?
केबल, म्हटलं.

रवि. १९ जाने.
दिवसभर स्कॅन. गा. चार वर्षांची, बर्फात, पिवळा फ्रॉक कोटाबाहेर आलेला. पिवळा अगदी तोच आला. हातमोज्याचा सुटलेला धागासुद्धा दिसतो. पेन ड्राइव्ह हा कॉम्प्युटर ओळखत नाही, म्हणून सीडी. मग लॅपटॉपला बाहेरून ड्राइव्ह जोडून पाठवले.
गा. : "बाबा, धिस इज अनरिअल. काकांना दाखवते हं."
काकांना दाखवल्याशिवाय काही होतच नाही. दाखव. बघू देत.

मंगळ. २१ जाने.
सुधीररावांचा फोन. फक्त माझ्यासाठी. हवापाणी झालं. मग म्हणाले, "तो मोज्याचा धागा दिसला हो." मग मुद्द्यावर आले.
"नीलच्या आईचा अल्बम आहे. फोटो प्लास्टिकला चिकटलेत, सोडवायला गेलो तर फाटतील. फोनने काढतो तर तिचा चेहराच येत नाही. व्हिडिओत तिचा फोटो आला तेवढ्याला नील उठून गेला. तुमच्या मशिनवर होईल का?"
होईल. काचेवर पालथा ठेवला की चकाकी पडत नाही. मला लगेच कळलं होतं. तरी म्हटलं, बघतो, मशिन जुनं आहे.
"मी स्वतः घेऊन येतो. तो अल्बम कुरिअरने पाठवायला हात होत नाही."
या, म्हटलं. दुसरं काय म्हणणार.
ठेवता ठेवता, "मग, लॉकच होतं ना?"
"नाही. केबल."
"अरे वा. ते मला सुचलंच नसतं."
खरंच वाटलं त्यांना. आवाजात काही नव्हतं.

शुक्र. २४ जाने.
उद्या दुपारी येतायत. गा.चा मेसेज, काकांनी नीलला सांगितलं म्हणे, तुझे सासरे भारी आहेत, केबलमधला दोष शोधून काढला. वाचून बरं वाटलं. थोडा वेळ.
गा. विचारते, तुम्ही दोघं मिळून करणार? म्हटलं, बघू.
काच दोनदा पुसली. शेजारी दुसरी खुर्ची लावली. काढली. वसू : "ते काय उभे राहणार?" परत लावली.
तिला काही कळलंय की काय. जुनी केबल तिने कचऱ्यात टाकली नाही, गुंडाळून टेबलावर ठेवलीय, स्कॅनरच्या बाजूला. केबल चांगली आहे. कुठेही लावली तरी चालेल. सुधीरराव हातात घेऊन बघतीलच, आणि मग लॉकचं मलाच सांगावं लागेल.